पदक : धातूवर कोरलेला आदर



सुवर्णमहोत्सव म्हटला की गुणगौरव आला आणि गुणगौरव म्हटला की पदक आले. हे पदक कसे घडते आणि त्याने काय सांगावे, याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा असावी.

आपल्या देशाचे सर्वोच्च युद्धकालीन शौर्यपदक म्हणजे परमवीर चक्र. त्याचे आरेखन सावित्रीबाई खानोलकर यांचे. १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या सावित्रीबाई सेनाधिकारी विक्रम खानोलकर यांच्याशी विवाह करून महाराष्ट्राच्या सूनबाई झाल्या. त्यांनी मध्यभागी राष्ट्रचिन्ह आणि सभोवती इंद्राची चार वज्रे योजिली. एवढेच! परंतु वज्र म्हणताच स्वतःच्या अस्थी देणारे दधीची ऋषी आठवतात आणि त्यागाचा सारा अर्थ सुमारे ३५ मिलिमीटरच्या वर्तुळात सामावतो. विशेष म्हणजे, हे पदक सोन्याचे नव्हे, कांस्याचे आहे.

पदक घडविण्याची रीत संयमाचीच आहे. प्रथम रेखाटन, मग माती वा प्लास्टरमध्ये मोठ्या आकाराचा उठाव आणि त्यावरून पोलादी ठसा. ठशात सारेच उलटे असते. पदकावर जे उंच, ते ठशात खोल, अक्षरेही उलटी. उठाव फार उंच ठेवला, तर चेहऱ्याचे नाक-कपाळ आधी झिजते. म्हणून कडा किंचित उंच राखतात. चित्रांची गर्दी केली, तर हातभर अंतरावरून काहीच उमगत नाही. मुंबईच्या टाकसाळीत नाण्यांबरोबर पदकेही अशाच ठशांवर घडतात.

पेणचे मूर्तिकार पिढ्यान् पिढ्या माती आणि साचा हाताळीत आले आहेत. उठावाची जाण असलेले हात आपल्या दाराशी असताना बाजारातील तयार पदकावर कागदी पट्टी चिकटवून का द्यावे? दोन पावसाळ्यांत ती पट्टी निघते आणि पदक कोणाचे, कशासाठी, हे घरच्यांनाही सांगता येत नाही.

म्हणून माझी नम्र सूचना अशी : पदक पितळेचे असो वा कांस्याचे, त्याच्या दर्शनी बाजूस एकच अर्थपूर्ण चिन्ह असावे आणि मागे विद्यार्थ्याचे नाव, वर्ष व गुणविशेष कोरलेला असावा. चिकटविलेला आदर गळून पडतो. कोरलेला आदर नातवंडांच्या हाती पोहोचतो.

जय जिनेंद्र!