गुडघा बदलताना संगणकाची मदत
गुडघा बदलताना खुबा, गुडघा आणि घोटा एका रेषेत यावे लागतात. ३ अंशांहून जास्त फरक नको, असा प्रयत्न असतो. पारंपरिक पद्धतीत मांडीच्या हाडाच्या पोकळीत सळई घालून हाड कापायची दिशा ठरवतात. संगणकाच्या पद्धतीत हाडांना पिना लावून त्यांवर खुणेचे गोळे बसवतात. डॉक्टर पाय गोल फिरवतात, इन्फ्रारेड कॅमेरा ती हालचाल टिपतो आणि खुब्याचा मध्यबिंदू पडद्यावर दिसतो. जुन्या फ्रॅक्चरनं मांडीचं हाड वाकून सळई नीट जात नसेल, तर या पद्धतीचा खरा उपयोग. रेषा कमी चुकते, वेळ मात्र जास्त लागतो. पुढचं चालणं-फिरणं दोन्ही पद्धतींत बहुतांशी सारखंच आढळतं. म्हणून यंत्राच्या जाहिरातीला भुलू नका. डॉक्टरांचा अनुभव आणि नंतरचा व्यायाम यांची आधी चौकशी करा.