रस्त्याकाठचे ॲबीलीक्स

आयर्लंडच्या राजधानीतून, म्हणजे डब्लिनहून, कॉर्क बंदराकडे जाणाऱ्या जुन्या हमरस्त्यावर सुमारे १०० किलोमीटरांवर ॲबीलीक्स हे गाव लागते. वस्ती दोन हजारांच्या आतबाहेर. गावाच्या नावाचा अर्थ ‘लीश प्रांतातील मठ’. ११८३ साली येथे सिस्टर्शियन पंथाच्या साधूंचा मठ स्थापन झाला. मठ गेला, नाव राहिले.

आजचे गाव मात्र आपोआप वाढलेले नव्हे. मूळ वस्ती नोअर नदीकाठच्या सखल जागी होती. अठराव्या शतकात दी व्हेसी या जमीनदार घराण्याने ती हलविली आणि घोडागाड्यांच्या वाटेवर नवे गाव आखून वसविले. रुंद रस्ता, दुतर्फा वृक्ष, १८३६ सालचे बाजारगृह. धन्याच्या मर्जीने उभे राहिलेले म्हणून गाव देखणे आहे, आणि म्हणूनच किंचित शिस्तीतलेही.

त्या शिस्तीला उतारा म्हणजे मॉरिसी यांचे दुकान. १७७५ सालापासूनचे म्हणून ते ओळखले जाते. एकाच छताखाली किराणा आणि मद्य. शिवाय या दुकानाने प्रवासाची तिकिटे विकली आणि अंत्ययात्रांचीही व्यवस्था पाहिली. प्रवास इहलोकीचा असो वा परलोकीचा, सोय एकाच गल्ल्यावर!

रस्त्यानेच गाव जगले आणि रस्त्यानेच ते गांजलेही. १९६३ साली आगगाडी बंद झाली. मोटारी व मालगाड्यांची रांग मात्र मुख्य रस्त्यातून वाढतच गेली. २०१० साली नवा महामार्ग गावाबाहेरून निघाला. धूर व गोंगाट सरला. पण वाटसरू थांबेल तो आता मुद्दाम वाट वाकडी करूनच.

थांबण्यासारखे एक स्थळ गावाने स्वतःच राखले आहे. गावालगत सुमारे ५०० एकरांची दलदल आहे. शेवाळ हजारो वर्षे साचून तेथे पीट नावाची जळाऊ माती तयार झाली. ती काढण्यासाठी सरकारी कंपनीने पाणी उपसून नेणारे चर खणले होते. २००० साली काम पुढे रेटण्याची वेळ येताच गावकरी आडवे उभे राहिले. हे सोपे नव्हते. आयर्लंडमध्ये पीट म्हणजे चुलीतला विस्तव आणि अनेकांची रोजी. वाद लांबला, बोलणी झाली आणि अखेर ही दलदल पन्नास वर्षांच्या कराराने गावाच्या हाती आली. पाणी बाहेर काढणारे चर जागोजागी बांध घालून अडविण्यात आले. आता तेथे ओल पुन्हा धरू लागली आहे, शेवाळ वाढते आहे, आणि त्यावरून फळ्यांच्या वाटेने लोक फिरावयास जातात.