डॉसकडून विंडोजकडे : सी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी चार शब्द

(संस्थेच्या वार्षिक समारंभात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



भंडारा, पवनी, तुमसर, साकोली या भागातील आपली अनेक मुले-मुली आता संगणकशास्त्राकडे वळत आहेत. तेथे त्यांची पहिली गाठ पुष्कळदा सी भाषेशी पडते. पालक विचारतात, "याकरिता काय विकत घ्यावे लागेल?" त्याचे उत्तर देण्यासाठीच मी आज उभा आहे.

आपण सी मध्ये लिहिलेला मजकूर यंत्राला कळत नाही. तो यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा तर्जुमान म्हणजे कंपायलर. बोरलँड कंपनीचा टर्बो सी हा कंपायलर १९८७ साली आला. तो डॉसच्या काळातील यंत्रांसाठी होता आणि त्या काळी उत्तम होता. पण आपल्या देशातील कितीतरी वर्गांत तो पुढेही तसाच चालत राहिला. आजच्या ६४ बिटांच्या विंडोजवर त्या जातीचे १६ बिटांचे प्रोग्राम थेट चालतच नाहीत. म्हणून डॉसबॉक्स नावाच्या प्रोग्रामकडून नव्या यंत्राला जुन्या यंत्राचे सोंग घ्यायला लावावे लागते.

यात बिघडले काय, असे कोणी म्हणेल. आपल्याच जिल्ह्यातील उदाहरण घेऊ. ४० क्विंटल धान, भाव क्विंटलला २,००० रुपये. हिशेब ८०,००० रुपयांचा. टर्बो सी मध्ये साध्या पूर्णांकाच्या जागेत ३२,७६७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. हा गुणाकार त्यात केला तर उत्तर १४,४६४ येते, आणि यंत्र चूक झाल्याचे सांगतही नाही! पायलीत खंडीचे धान ओतल्यासारखा हा प्रकार आहे. आजच्या कंपायलरमध्ये ते माप दोनशे कोटींच्याही पुढे जाते. मात्र मापाला मर्यादा असतेच, हे विद्यार्थ्यांनी दोन्हीकडे ध्यानात ठेवावे.

आता नव्या कंपायलरविषयी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८७ मध्येच जीसीसी हा कंपायलर सर्वांसाठी खुला केला. तो वापरावा, त्याची प्रत मित्राला द्यावी, आतील रचना पाहावी, या सर्वांची त्यात लेखी परवानगी आहे. मिनजीडब्ल्यू या रूपाने तो विंडोजवर चालतो. कोणाच्या पेनड्राइव्हवरून उचललेली प्रत आणि हक्काने मिळालेली मोफत वस्तू यांतील फरक आपल्या मुलांना कळला पाहिजे.

टर्बोवर शिकलेल्यांना थोड्या सवयी बदलाव्या लागतील. 'व्हॉइड मेन' ऐवजी 'इंट मेन' लिहावे. पडदा पुसण्याची आणि चित्रे काढण्याची टर्बोची खास फंक्शने इतरत्र तशीच मिळतील असे धरू नये. भाषा मात्र तीच राहते. शिकलेले वाया जात नाही.

खरा बदल विचारपद्धतीचा आहे. डॉसमधील साधा प्रोग्राम हजेरी घेणाऱ्या गुरुजींसारखा असतो : तो क्रमाने विचारतो, आपण क्रमाने उत्तर देतो. विंडोजमधील खिडक्यांचा प्रोग्राम आठवडी बाजारातील दुकानदारासारखा असतो. तो वाट पाहतो. बटण दाबले, माऊस हलला, की विंडोज त्याला निरोप पाठवते आणि तो त्या निरोपाचे काम करतो. म्हणून आधी साधे प्रोग्राम नव्या कंपायलरवर पक्के करावे आणि मगच खिडक्यांकडे जावे. घाई करू नये.

आपल्या शेजारच्या नागपूरचे यशवंत कानेटकर यांच्या 'लेट अस सी' या पुस्तकावर अनेक पिढ्या शिकल्या. त्याच्या पुढील आवृत्त्यांत त्यांनी विंडोज आणि लिनक्सवरील प्रकरणे घातली. लेखक पुढे जातो, तर वाचकाने मागे का राहावे? मुंबईच्या आय.आय.टी.ने 'स्पोकन ट्युटोरियल' या प्रकल्पातून सी चे पाठ जीसीसीवर, तेही मराठीतून, विनामूल्य दिले आहेत. इंग्रजी कच्चे आहे म्हणून कोणी अडून बसण्याचे कारण उरलेले नाही.

परीक्षेत जे विचारले जाते ते त्याच पद्धतीने लिहावे. पण परीक्षेनंतर नोकरीच्या मुलाखतीत निळ्या पडद्यावरची सवय उपयोगी पडत नाही. ज्या घरात मुलाच्या शिक्षणासाठी एकेक रुपया बाजूला काढला जातो, त्या घराला ही दोन-तीन वर्षे पुन्हा परत मिळत नाहीत.

म्हणून संस्थेला माझी विनंती आहे : प्रयोगशाळेतील प्रत्येक यंत्रावर जुन्याच्या शेजारी हा नवा कंपायलरही बसवावा. त्याला अंदाजपत्रकात रक्कम लागत नाही, लागतो तो एका शिक्षकाचा एक दिवस. आणि ज्यांच्या घरी संगणक नाही, त्या मुला-मुलींना शाळा सुटल्यावर तासभर तेथे बसू द्यावे. पालकांनीही मुलींना त्यासाठी आवर्जून पाठवावे.