लॉरियनची चांदी, सॅलमिसची वल्ही

इ. स. पू. 483 च्या सुमारास ॲथेन्स नगरराज्याच्या दक्षिण टोकाजवळ, लॉरियन येथील खाणींत चांदीचा मोठा साठा हाती लागला, आणि त्यातून राज्याला मिळणाऱ्या उत्पन्नाचे काय करावे हा प्रश्न एक्लेसियापुढे, म्हणजे सर्व नागरिकांना खुल्या असलेल्या सभेपुढे, आला. प्रत्येक नागरिकाला 10 द्राख्मा वाटून द्यावेत असा विचार पुढे आला होता. द्राख्मा म्हणजे चांदीचे नाणे, त्या शतकाच्या अखेरीस कुशल कारागिराला दिवसाकाठी मिळणाऱ्या मजुरीएवढे. थेमिस्टोक्लीस या नेत्याने ही वाटणी थांबवून त्या पैशातून युद्धनौका बांधण्याचा ठराव मांडला, आणि कारण म्हणून पर्शियाचे नव्हे, तर समोरच्याच एजायना बेटाशी चाललेल्या वैराचे नाव घेतले. दूरच्या सम्राटापेक्षा शेजारचा शत्रू लोकांना लवकर दिसतो, हे त्याने ओळखले होते. हिरोडोटस या इतिहासकाराच्या मते या पैशातून 200 नौकांची योजना झाली. पर्शियाविरुद्धच्या युद्धाचा निकाल रणांगणावर लागला हे खरेच, पण त्याची पूर्वतयारी हाती येणारे पैसे नाकारणाऱ्या या सभेत झाली होती.

पर्शियाशी असलेल्या वैराचे मूळ त्याआधीचे होते. आशिया मायनरच्या किनाऱ्यावरील आयोनिया प्रदेशातील ग्रीक नगरे पर्शियन अमलाखाली होती. याच आयोनियनांना प्राचीन पर्शियन भाषेत ‘यौन’ म्हणत, आणि संस्कृत-प्राकृतातील ‘यवन’ हा शब्द त्याच मूळ नावाचे रूप आहे. कार्ले येथील लेण्यांत दान देणाऱ्या यवनांची नावे कोरलेली आढळतात, त्या शब्दाचा प्रवास असा दूरचा आहे. इ. स. पू. 499 मध्ये या नगरांनी बंड केले तेव्हा ॲथेन्सने 20 आणि एरेट्रियाने 5 नौका मदतीला धाडल्या, सार्डिस हे पर्शियन प्रांताचे मुख्य ठाणे जाळले गेले, आणि इ. स. पू. 494 मध्ये आयोनियातील मिलेटस हे नगर पडल्यावर ते बंड चिरडले गेले. या विध्वंसावर फ्रिनिकस याने नाटक रचले, तेव्हा प्रेक्षागृह रडले आणि आपल्याच दुःखाची आठवण करून दिल्याबद्दल ॲथेन्सने नाटककाराला 1000 द्राख्मा दंड केला. एवढी ती जखम ओली होती.

इ. स. पू. 490 मध्ये मॅरेथॉनला पर्शियन फौज उतरली, तेव्हा तिला परतवणारे लोक होप्लाइट होते. होप्लाइट म्हणजे ढाल, भाला आणि शिरस्त्राण स्वतःच्या खर्चाने बाळगू शकणारा पायदळ सैनिक. अर्थात तो थोडीफार जमीन असलेला शेतकरी असे. त्या लढाईत ॲथेन्सचे 192 लोक पडले, आणि संकटात साथीला धावून आले ते केवळ प्लाटिया हे छोटे नगर. मॅरेथॉनचा मान त्यामुळे जमीन बाळगणाऱ्या नागरिकाचा राहिला. नौकांचे गणित मात्र वेगळे होते.

ट्रायरीम ही त्या काळची युद्धनौका एकावर एक अशा तीन रांगांत वल्हेकरी बसवलेली असे. तिच्यावर सुमारे 200 माणसे असत, त्यांपैकी 170 वल्हेकरी, आणि प्रत्येकाच्या हाती एकच वल्हे. नाळेवर धडक देणारी कांस्याची टोकदार चोच बसवलेली असल्यामुळे नौका हेच शस्त्र होते, आणि त्या शस्त्राला वेग देणारे बळ या 170 खांद्यांत होते. सर्वांत खालच्या रांगेतील माणसांना समुद्र दिसतही नसे. सनईसारख्या वाद्याच्या तालावर आणि आज्ञेवर विसंबून ते वल्हे ओढीत. हे लोक बहुतांशी थीट वर्गातले, म्हणजे सोलोनने उत्पन्नावरून पाडलेल्या चार वर्गांपैकी शेवटच्या वर्गातले होते. ज्याच्याजवळ ढाल घेण्याइतके पैसे नाहीत, त्याच्याजवळ पाठीचा कणा आणि दोन हात तर होतेच, आणि 200 नौका चालवायच्या तर अशी तीस हजारांहून अधिक माणसे लागत.

इ. स. पू. 480 मध्ये पर्शियाचा सम्राट झर्क्सीज प्रचंड फौज घेऊन आला, तेव्हा सगळे ग्रीक एक झाले ही समजूत वस्तुस्थितीला धरून नाही. थीब्ज शेवटी पर्शियाच्या बाजूला गेले, आर्गोस अलिप्त राहिले, आणि झर्क्सीजच्या आरमारात फिनिशियनांच्या जोडीला आयोनियन ग्रीकही होते. विजयानंतर डेल्फी येथे उभारलेल्या सर्पस्तंभावर लढलेल्या नगरांची जी नावे कोरली, ती अवघी 31 आहेत. शेकडो ग्रीक नगरांच्या मानाने हा आकडा फार लहान आहे. दुसऱ्या बाजूची विविधताही विसरण्याजोगी नाही, कारण हिरोडोटसच्या वर्णनात सुती कपडे घातलेले आणि वेताची धनुष्ये बाळगणारे भारतीय सैनिकही त्या फौजेत आहेत.

थर्मोपायलीच्या खिंडीत स्पार्टाचा राजा लिओनिडास आणि त्याचे 300 स्पार्टन पडले, आणि त्यांच्याबरोबर थेस्पिया नगराचे 700 लोकही मागे न हटता पडले, ज्यांची आठवण फारच कमी वेळा काढली जाते. त्याच दिवसांत आर्टेमिझियमजवळ आरमारे भिडत होती, आणि तेथे समुद्राची सवय नसलेल्या प्लाटियाच्या लोकांनी ॲथेन्सच्या नौकांवर वल्ही धरली होती. ॲथेन्स रिकामे करण्यात आले, शहर जळाले, आणि सॅलमिसच्या सामुद्रधुनीत जमलेल्या ग्रीक आरमारातील पेलोपोनीजचे सेनानी मागे कॉरिंथच्या भूशिराकडे हटण्याच्या गोष्टी करू लागले. ॲथेन्सचे लोक नौका घेऊन इटलीत निघून जातील, असे थेमिस्टोक्लीसने बजावले. आणि तेवढ्याने भागेना तेव्हा ग्रीक पळून जाण्याच्या बेतात आहेत असा निरोप त्याने शत्रूकडे पोचवला. हा निरोप नेणारा सिकिनस थेमिस्टोक्लीसच्या मुलांचा सांभाळ करणारा गुलाम होता. पर्शियन आरमार अरुंद पाण्यात शिरले, तेथे त्याची संख्याच त्याला अडचणीची झाली, आणि एगालेओस डोंगराच्या पायथ्याशी बसून झर्क्सीजला आपल्या नौका फुटताना पाहाव्या लागल्या. सिकिनसला पुढे धन मिळाले आणि थेस्पियाचे नागरिकत्वही. 700 माणसे गमावलेले ते नगर त्या काळी नवे नागरिक सामावून घेत होते.

पुढच्या वर्षी प्लाटियाच्या रणांगणावर स्पार्टाच्या पॉसेनियसच्या नेतृत्वाखाली पर्शियन भूदलाचा निर्णायक पराभव होप्लाइटांनीच केला, म्हणून सगळे श्रेय वल्ह्यांना देणे अन्यायाचे होईल. तरीही ॲथेन्सच्या अंतर्गत व्यवस्थेवर खोल परिणाम झाला तो आरमाराचा. त्याच शतकात लिहिलेल्या, लोकशाहीचा तिटकारा असलेल्या एका ग्रंथकाराने कबूल केले आहे की, नौका चालवणारे आणि नगराला सामर्थ्य देणारे गरीबच असल्यामुळे त्यांना सत्तेत अधिक वाटा मिळणे न्याय्य ठरते. प्लेटोला मात्र ‘लॉज’ या संवादात मॅरेथॉन आणि प्लाटिया येथील लढायांनी ग्रीक लोक अधिक चांगले झाले आणि सॅलमिसने तसे झाले नाही, असे म्हणावेसे वाटले. विरोधकाची कबुली येथे तत्त्वज्ञाच्या नापसंतीपेक्षा अधिक वजनदार आहे.

पण ज्या चांदीतून नौका झाल्या ती लॉरियनच्या बोगद्यांतून वर काढणारे हात मुख्यतः गुलामांचे होते, आणि स्वातंत्र्याच्या या युद्धाचा हिशेब त्यांना वगळून पुरा होत नाही. पुढे ॲथेन्स आणि स्पार्टा यांच्यातच युद्ध जुंपले, आणि इ. स. पू. 413 मध्ये स्पार्टाने ॲथेन्सच्या मुलखातील डिसेलियाचा तळ बळकावला तेव्हा 20,000 हून अधिक गुलाम तेथून पळाले, असे थ्युसिडिडीस हा इतिहासकार सांगतो. सात वर्षांनी वल्हेकऱ्यांचा तुटवडा पडला आणि ॲथेन्सने गुलामांनाच नौकांवर चढवले. आर्गिनुसी बेटांजवळची लढाई जिंकल्यावर या वल्हेकऱ्यांना मुक्त करून नागरिकत्व देण्यात आले, आणि त्यांचा जो दर्जा ठरला त्याला नाव पडले ते मॅरेथॉनच्या जुन्या सोबत्यांचे: प्लाटियन.