आडात पाणी आहे, पण ते उपसतंय कोण?

(ऊसतोड कामगार स्त्रियांच्या मेळाव्यात केलेलं भाषण)



मी तिसरीत असताना दिवाळीला गाव सोडलं, ते पाडव्याला परत आले. वर्गात मला वजाबाकी येईना. गुरुजी म्हणाले, 'आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?' आई अडाणी म्हणून लेक अडाणी, असा त्याचा अर्थ. मी ते पुष्कळ वर्षं खरं मानलं.

आमचं गाव बीड जिल्ह्यातलं. आई-वडील दरवर्षी पश्चिम महाराष्ट्रात तोडीला जायचे. आई पहाटे तीनला उठून भाकऱ्या थापायची आणि अंधारातच फडावर जायची. वडील ऊस तोडायचे, ती मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायची. रात्री-अपरात्री गाडी आली की पुन्हा भरायला जायची. मी धाकटीला कडेवर घेऊन कोपीवर थांबायची. आईजवळ गोष्टी होत्या, ओव्या होत्या. मुकादमाच्या हिशेबातली चूक ती तोंडी पकडायची. म्हणजे आडात पाणी होतं. पण ते आम्हाला द्यायला तिला वेळ कुठं होता?

पुढं सहावीत आत्यानं मला गावी ठेवून घेतलं. मी दहावी झाले, आज तुमच्यासमोर उभी आहे. धाकटी मात्र फडावरच राहिली. पंधराव्या वर्षी तिचं लग्न लावलं, कारण नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात आणि त्यावर मुकादम उचल देतो. आज तीही मोळ्या वाहते. एकाच आईच्या आम्ही दोघी, बुद्धीतही काही फरक नाही. फरक पडला तो दर हंगामाच्या सहा महिन्यांचा.

लांबचा एक दाखला देते. जमैका हेही एकेकाळी उसाचंच बेट. तिथं किंग्स्टन शहरातल्या गरीब वस्त्यांत 1986-87 साली 129 खुरटलेल्या बाळांचा अभ्यास सुरू झाला. त्यातल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जायच्या. टाकाऊ वस्तूंची खेळणी करायच्या, बाळाशी कसं खेळायचं, कसं बोलायचं ते आईला दाखवायच्या. वीस वर्षांनी पाहिलं, तर अशी भेट मिळालेल्या मुलांची कमाई, न मिळालेल्यांपेक्षा सुमारे 25 टक्के जास्त होती. बाळं तशीच, घरं तशीच गरीब. मग गरीब आईचं मूल मागं पडतं ते रक्तामुळं, असं कसं म्हणायचं?

पण यातून कोणी असा अर्थ काढू नका, की दोष आईचाच, तिला चार गोष्टी शिकवल्या की झालं. फडावरची बाई बाळाशी खेळणार केव्हा? 'मुलांकडे लक्ष द्या' असं आपल्याला सगळे सांगतात. आपले चौदा-पंधरा तास कोण घेतं, हे कोणी विचारत नाही.

कायदे आहेत. शिक्षण हक्क कायदा 2010 पासून लागू झाला, पण तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी. त्याहून लहान मुलांसाठी 1975 पासून अंगणवाडी आहे, पण बहुतेकींची गावाबरोबर तीही सुटते. कारखान्यात पाळणाघर हवं, ही तरतूद 1948 च्या कारखाना कायद्यातच होती. ती आपल्याला कधी लागू झाली नाही, कारण आपण मुकादमाच्या टोळीतल्या. साखर कारखान्याची, मजूर मात्र त्याचे नाहीत!

म्हणून आपल्या मागण्या तीन. तळावर पाळणाघर आणि अंगणवाडी. गाड्या निघण्याआधीच गावात हंगामी वसतिगृह, मुलींसाठीसुद्धा. आणि बाईच्या मजुरीचा तिच्या नावानं वेगळा हिशेब. जोडीच्या एका कोयत्यात तिचे कष्ट दिसतच नाहीत, मग तिच्या वेळेची किंमत कोण करणार?

दसऱ्याच्या आत प्रत्येक गटानं आपल्या गावातल्या तोडीला जाणाऱ्या मुलांची, वयासकट, यादी करावी. ती घेऊन ग्रामपंचायतीत आणि कारखान्यावर आपण मिळून जाऊ. माझ्या धाकटीची लेक तीन वर्षांची आहे. आमच्या गावच्या यादीत पहिलं नाव तिचं लिहिलंय.