विद्येचें ऋण आणि लोकसेवेचें वेतन

ऋण काढून सण करूं नये, ही मराठी घरांतली जुनी शिकवण आहे. विद्या मात्र सण नव्हे. ती पेरणी आहे, आणि पेरणीसाठीं शेतकऱ्यानें कर्ज काढलें तर त्याला कोणी उधळ्या म्हणत नाहीं. पण शहाणा शेतकरी कर्ज काढण्यापूर्वीं जमिनीचा कस पाहतो. अमेरिकेंत सार्वजनिक आरोग्यशास्त्राची उच्च पदवी घेऊं पाहणाऱ्या तरुणांना हाच विचार करावा लागतो. आणि मुलांना तेथें धाडणाऱ्या इकडच्या कुटुंबांनाही तो चुकत नाहीं.

हें शास्त्र स्वतंत्रपणें शिकविण्याची कल्पना वेल्श आणि रोझ यांनीं १९१५ सालीं मांडली. रॉकफेलर प्रतिष्ठानच्या साहाय्यानें १९१६ सालीं जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठांत त्यासाठीं विद्यालय स्थापन झालें. त्याच प्रतिष्ठानच्या मदतीनें १९३२ सालीं कलकत्त्यासही अशी संस्था उभी राहिली. वैद्य एका रोग्याची नाडी पाहतो, आरोग्यशास्त्रज्ञ साऱ्या गांवाची. वैद्याला बरा झालेला रोगी कृतज्ञतेनें दक्षिणा देतो. परंतु जी सांथ आलीच नाहीं तिच्याबद्दल दक्षिणा कोण देणार? म्हणून या विद्येचें वेतन बहुधा सरकारी तिजोरींतून किंवा धर्मादाय संस्थेकडून येतें, आणि तें बेताचेंच असतें.

अमेरिकन श्रमखात्याचे २०२३ चे आंकडे याची साक्ष देतात. आरोग्यशिक्षकांचें मध्यम वार्षिक वेतन ६२,८६० डॉलर होतें. म्हणजे निम्म्यांना त्याहून अधिक व निम्म्यांना कमी मिळे. सांथींचा अभ्यास करणाऱ्यांचें तें ८१,३९० आणि रुग्णालयादि संस्थांच्या व्यवस्थापकांचें १,१०,६८० होतें. एकाच पदवीनें हे तिन्ही दरवाजे उघडूं शकतात. पण तिसऱ्या दरवाज्यांत बहुधा अनुभवी माणसेंच शिरतात. पदवीच्या जाहिरातींत तिसरा आंकडा ठळक दिसला, तरी हिशेब पहिल्यावरून करणें सुज्ञपणाचें.

उदाहरणार्थ, एखाद्यानें दोन वर्षांच्या अभ्यासासाठीं ६०,००० डॉलर कर्ज शेंकडा ८ व्याजानें काढलें आणि तें दहा वर्षांत फेडावयाचें ठरविलें, तर दरमहा सुमारें ७२८ डॉलर हप्ता पडतो. अखेरीस ८७,३६० च्या आसपास रक्कम भरावी लागते. त्यांतील सत्तावीस हजारांहून अधिक केवळ व्याज. पहिल्या दरवाज्यानें गेलेल्याच्या वेतनाचा, कर वजा करण्यापूर्वींच, सातवा हिस्सा या हप्त्यांत जातो. तिसऱ्यानें गेलेल्याचा बाराव्या हिश्शाहूनही कमी. शिवाय २०१२ पासून तेथील पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या सरकारी कर्जावर शिकत असतांनाच व्याज चढूं लागतें. कर्ज निम्में केलें तर हप्ताही निम्मा होतो. म्हणून नांवाजलेल्या महागड्या विद्यापीठापेक्षां आपल्या राज्याचें स्वस्त विद्यापीठ निवडणें, हा पुष्कळांना किफायतीचा मार्ग ठरतो.

लोकसेवा करणाऱ्यांसाठीं अमेरिकन सरकारनें २००७ सालीं एक सवलत निर्माण केली. सरकारी वा धर्मादाय संस्थेंत पूर्ण वेळ काम करीत १२० मासिक हप्ते नियमानें भरले, कीं उरलेलें सरकारी कर्ज माफ होतें. परंतु २०१७ नंतर पहिले अर्ज आले तेव्हां बहुतेक फेटाळले गेले. कोणाचें कर्ज नियमांत बसणाऱ्या प्रकारचें नव्हतें, कोणाची परतफेडीची पद्धत चुकलेली होती. सवलतीवर विसंबण्यापूर्वीं तिचे नियम बारकाईनें वाचावेत, हा त्यांतला धडा. २०२५ च्या कायद्यानें तर खर्चाइतकें कर्ज देणारी योजना १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद केली. साधारण पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठीं वर्षाला २०,५०० व एकूण १,००,००० डॉलर, अशी मर्यादा ठरविली. उरलेल्या खर्चाची सोय ज्याची त्यानें करावयाची.

शिक्षणाच्या परवान्यावर गेलेल्या भारतीय विद्यार्थ्याला हें सरकारी कर्जही नाहीं आणि ही माफीही नाहीं. त्याच्या कर्जाला पुष्कळदां वडिलांचें घर तारण असतें. डॉलरांत कमावून रुपयांत फेडूं, असा बेत असतो; पण नोकरीचा परवाना मुदतीचा असतो, आणि मुलगा वा मुलगी परतली तर हप्ता तोच राहतो, वेतन मात्र इकडचें होतें. म्हणून अशा घरानें प्रथम रुपयांतील वेतनावर हिशेब मांडून पाहावा. तोही जमला तर नि:शंक मनानें निरोप द्यावा; न जमला तर मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेसारख्या ठिकाणीं हीच विद्या शिकतां येते, याची आठवण ठेवावी.

हा प्रश्न एका घरापुरता नाहीं. कर्जाचा हप्ता जड झाला कीं तालुक्याच्या गांवीं पाणी तपासण्याची वा लस टोंचण्याची व्यवस्था पाहणारा माणूस अधिक पगाराच्या कचेरीकडे वळतो. त्याला दोष देतां येत नाहीं. त्याच्या घरींही चूल आहे. २०२० च्या सांथीनें अशा माणसांची किंमत साऱ्या जगाला कळली. ती किंमत वेतनांत उतरेपर्यंत मात्र प्रत्येक कुटुंबानें वही-पेन्सिल घेऊन बसावें, आणि मुलाच्या उमेदीला न दुखवितां, पण आंकड्यांनाही न लपवितां, हा हिशेब त्याच्याबरोबर करावा.