लोकरीला भाव कोण देणार?



कापसाच्या वर्धा जिल्ह्यात लोकरीवर व्याख्यान, याचं काहींना नवल वाटलं असेल. पण कापसाची वेचणी संपून नुसत्या पऱ्हाट्या उभ्या राहिल्या की आपल्याच वावरांत मेंढ्यांचे कळप उतरतात. धनगर असोत की कुरमार, मेंढपाळ शेतात मेंढ्या बसवतो, जमिनीला लेंडीखत मिळतं आणि त्याच्या पदरी धान्य किंवा चार पैसे पडतात. कुठल्याही अनुदानापेक्षा हा व्यवहार जुना आहे.

सरकारने काही केलंच नाही, असं मी म्हणणार नाही. २०१७ साली राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आली. वीस मेंढ्या आणि एक मेंढानर यांच्या गटाची ७५ टक्के रक्कम सरकार देतं, उरलेली मेंढपाळ घालतो. पुढे जून ते सप्टेंबर या चार महिन्यांसाठी दरमहा ६,००० रुपयांचं चराई अनुदानही सुरू झालं. पावसाळ्यात वावरं पेरलेली असतात, कळपाला पाय ठेवायला जागा नसते. ही अडचण कुणीतरी ओळखली, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण या सगळ्यात पैसा मोजला जातो तो मेंढीच्या डोक्यामागे. तिच्या अंगावरच्या लोकरीचं काय? दख्खनी मेंढीची लोकर काळी, राठ; वर्षातून दोनदा कातरली तरी किलोभर भरत नाही. चिंचोक्याची खळ दिलेल्या तिच्या धाग्याचं घोंगडं पावसात, थंडीत पिढ्यान्‌पिढ्या टिकलं. पुढे गिरणीची स्वस्त ब्लँकेटं आली नि घोंगड्याचं गिऱ्हाईक गेलं. आज कित्येक ठिकाणी कातरणाऱ्याची मजुरी लोकरीच्या किमतीपेक्षा जास्त होते. कातरलेली लोकर तिथेच टाकून कळप पुढे निघतो. मग मेंढपाळ मटणासाठी माडग्याळसारख्या जातीकडे वळला, तर त्याला दोष कसा द्यावा?

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या वाटेने हाताळला. १९५४ च्या लोकर कायद्यात अनुदान विकलेल्या मालावर ठेवलं होतं. बाजारात ज्याला चांगला भाव मिळाला, त्याला वरची रक्कमही त्याच प्रमाणात जास्त. साहजिकच लोकर स्वच्छ ठेवणं, निवडून विकणं फायद्याचं ठरे. अंगोरा शेळीच्या केसांना, म्हणजे मोहेरलाही तो कायदा लागू होता. त्यात मोठा दोषही होता: ज्याचा कळप मोठा, त्याच्याच घरी बहुतेक पैसा गेला. १९९३ मध्ये तो मोडीत काढायचं ठरलं आणि २००२ च्या शेती कायद्यात लोकर-मोहेरची मदत दुसऱ्या रूपात परतली. मालावर पैसे देण्याची त्यांची रीत आपण घ्यावी. मात्र कुटुंबामागे किलोची मर्यादा पहिल्या दिवसापासून हवी.

आणि मेहनतीला बाजारभावापलीकडे मोबदला देण्याचा विचार वर्ध्याला परका नाही. १९३५ साली खादीचं काम पाहणाऱ्या चरखा संघाने ठरवलं की कातणारीची मजुरी तिच्या पोटाच्या गरजेवरून निघावी. खादी महाग होईल हे ठाऊक असूनही गांधीजी त्या निर्णयामागे उभे राहिले. कापसाच्या सुताला जो न्याय लावला, तो लोकरीच्या सुताला का नको?

वर्ध्याच्या मगनवाडीत आज ग्रामीण औद्योगिकीकरणाची राष्ट्रीय संस्था आहे. जाड लोकरीचे नमदे, गालिचे होतात, घराच्या छताखाली उष्णतारोधक थर म्हणूनही ती वापरता येते. हे काम तिथे जोमाने व्हावं. चराईचं म्हणाल, तर २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईचा हक्क मानला आहे. इथलं बोर अभयारण्य २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प झालं. त्याच्या भोवतालच्या गावांत त्या हक्काचे दावे भरून घेण्यासाठी ग्रामसभांनी पुढे यावं.

लोकर खरेदी राज्याच्या मेंढी महामंडळाने करावी, पण तालुक्याला एक केंद्र उघडून ती होणार नाही. कळप एका जागी थांबत नाही. कातरणीच्या दोन्ही हंगामांत काटा घेऊन माणसाने वावरात जावं, मेंढ्या बसल्या असतील तिथे, आणि पैसे तिथेच मोजून द्यावेत.